टंच

आधी डब्यातली चांदी गेली.
चांदी म्हणजे चपाती गुंडाळायचा चमकता कागद,
महिन्याला दोन गुंडाळ्या. मला वाटलं उंदीर.
लुधियान्यात सराफ बाजारामागच्या त्या गल्लीत
उंदीरसुद्धा सोन्याच्या धुळीवर जगत असतील
असं हे म्हणायचे, आणि हसायचे.

हे म्हणजे आत्माराम निकम,
मुक्काम करंजवडी, तालुका खानापूर,
सोळाव्या वर्षी मामाच्या भट्टीवर गेलेला माणूस.
तेजाबानं बोटं पिवळी,
लग्नानंतर कधी उतरलीच नाही अशी हळद.
माल नुसता हातात द्या म्हणायचे, न गाळता टंच सांगतो.
सांगायचेही. ब्याण्णव. त्र्याऐंशीला थोडं कमी.
बाजारात त्यांना नाव नव्हतं.
मराठ्याला बोलाव, मराठ्याकडे दे.

पोराचं नाव घरमालकिणीनं ठेवलं, हरजीत.
तो झाला त्या रात्री भट्टी चालू होती,
मला दवाखान्यात तिनंच नेलं,
मग नाव दुसरं कोण ठेवणार?
शाळेत त्याला भैया म्हणायचे.
यात्रेला गावी आला की सरदार.
दोन्हीकडे तो हसून घ्यायचा.
हसून घेणाऱ्या पोराची
मी काळजी केली नाही.

मग चमच्यांची बुडं काळी व्हायला लागली.
मी ती राखेनं घासली
आणि बापाचा धंदा शिकतोय म्हणून
शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

कळलं तेव्हा यांच्या चिमट्यात मूस होती, लालबुंद.
जन्मभर हीण वेगळं काढलेला माणूस
म्हणाला, मला ओळखू आलं नाही गं.
एवढंच.
मग टाकणखाराची पुडी सोडली आणि कामाला लागले.
सोनं दुसऱ्याचं होतं,
संध्याकाळच्या आत पोचवायचं होतं.

आता आम्ही दोघं करंजवडीत.
हा बंगला बांधला तो यात्रेपुरता उघडायला,
जिन्याच्या कठड्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.
गावात सांगितलंय, कावीळ झालीय.
अशा काविळीची गावात आणखी दोन घरं आहेत,
एक अमृतसरहून आलेलं, एक दिल्लीहून.
आम्ही बायका पिठाच्या गिरणीत भेटतो
आणि एकमेकींना पथ्य विचारतो.

पहिले आठ दिवस तो पंजाबीत ओरडला.
बरं झालं, शेजाऱ्यांना कळलं नाही.
मला सगळं कळत होतं.

दर सोमवारी विट्याहून एसटीनं मिरजेला.
डॉक्टर गोळ्या देतात. जिभेखाली ठेवायची,
गिळायची नाही, दहा मिनिटं बोलायचं नाही.

परवा पहाटे मी तव्यावर तंबाखू भाजत होते, मिश्रीला.
खिडकी उघडी ठेवून, नेहमीसारखी.
तो दारात. केव्हापासून कुणास ठाऊक.
‘आई, तू पण भाजतेसच की.’

टोमणा नव्हता.
टोमणा असता तर उलथनं फेकून मारलं असतं.
म्हटलं, ही मिश्री आहे बाबा,
माझी आई लावायची, तिची सासू लावायची,
कळ सोसायला लावतात बायका.
‘मग तुला कसली कळ?’

तवा जळत राहिला.
कसली सांगू?
दुकानामागची बिनखिडकीची खोली, बावीस वर्षं,
तेजाबाच्या धुराला बाहेर जायची वाट एकच
आणि ती माझ्या ओट्यावरून.
सणाला दारात रांगोळी काढावी
तर दार दुकानात उघडायचं.
तेव्हा कमरेला ही डबी होती.
तुझ्या कमरेला काय होतं ते मी बघितलं नाही.
यातलं काहीच बोलले नाही. गॅस बंद केला.

डबी विहिरीत टाकली असं सांगता आलं असतं.
टाकली नाही. त्याच्याकडे दिली,
त्याच्या गोळ्यांची पट्टी माझ्याकडे.
रोज सकाळी तो मला चिमूट देतो,
कालच्यापेक्षा जराशी कमी, अंदाजानं,
आणि अंदाज चुकत नाही.
बापाचा काटा त्याच्या बोटांत उतरलाय,
हे आत्ता कळतंय.
मी त्याला गोळी देते.

मग आम्ही पायरीवर बसतो,
दोघांचीही तोंडं बंद.
आत यांचा फोन वाजतो.
वाजू दे.
अजून विरघळायचंय.